रस्त्यावरचं पाणी झाडांच्या मुळाशी

टूसॉनला वर्षाकाठी जेमतेम 270 ते 300 मिलिमीटर पाऊस पडतो. माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं, त्यामुळे दुष्काळ मला नवा नव्हता. पण आमच्या माणमध्येसुद्धा याहून जास्त पाऊस होतो. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातलं हे शहर सोनोरन वाळवंटात वसलंय. उन्हाळी पावसाला इथेही मॉन्सूनच म्हणतात. हवामान खात्याच्या हिशेबात तो 15 जून ते 30 सप्टेंबर. जुनी मेक्सिकन घरं मात्र 24 जूनच्या सान हुआनच्या सणाकडे डोळे लावून असतात. वर्षाचा जवळजवळ निम्मा पाऊस याच काळात येतो, आणि येतो तो आपल्याकडच्या वळवासारखा. दुपारी डोंगरावर ढग चढतात, धुळीचा लोट येतो, क्रिओसोटच्या झुडपांचा उग्र वास सुटतो आणि तासाभरात सगळं धुऊन निघतं.

2020 च्या उन्हाळ्यात तो आलाच नाही म्हटलं तरी चालेल. विमानतळावरच्या मोजणीत अख्ख्या मोसमात 41 मिलिमीटर. पुढच्या वर्षी तिथेच 325 मिलिमीटर, आणि त्यातले 205 एकट्या जुलैत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडो नदीवर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली. टूसॉनच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः त्याच नदीचं. सुमारे 540 किलोमीटरच्या कालव्यातून, पंपांनी चढावर चढवत ते आणलं जातं आणि त्यासाठी प्रचंड वीज खर्च होते. म्हणजे दारासमोरून पावसाचा लोंढा धावत होता आणि नळातलं पाणी इतक्या लांबून, इतकी वीज जाळून येत होतं. त्या जुलैत मला हे बघवेना. रस्त्यावरचं पाणी झाडांकडे वळवायचं आमच्या गल्लीतलं पुढचं सगळं काम तिथून सुरू झालं.

टूसॉनमध्ये जमिनीखालची पावसाळी गटारं फार थोडी आहेत. जुन्या वस्त्यांतून पावसाचं पाणी वाहून नेण्याचं काम रस्तेच करतात. रस्ता मधे थोडा उंच, दोन्ही कडांना उतार, कडेला काँक्रीटचा कर्ब. कर्बच्या आत फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये मातीची एक पट्टी असते. ही पट्टी कर्बपेक्षा उंच, टणक झालेली आणि बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिक अंथरून वर खडी पसरलेली. पाणी तिला शिवतही नाही. ते कर्बच्या कडेने पळतं, मोठ्या रस्त्याला मिळतं, तिथून ओढ्यात आणि मग सांता क्रूझच्या पात्रात. ही नदी एके काळी शहराजवळ बारमाही वाहायची. जमिनीतलं पाणी उपसून उपसून ती कोरडी पडली. पुरापुरतं पाणी आणि आता शहर सोडतं ते प्रक्रिया केलेलं पाणी, एवढंच काय ते तिच्यात दिसतं.

आकडे एकदा कागदावर मांडले की डोकं जागेवर येतं. आमची गल्ली साधारण दहा मीटर रुंद. शंभर मीटरचा तुकडा धरला तर हजार चौरस मीटर डांबर. त्यावर 25 मिलिमीटरची एक सर पडली की 25,000 लिटर पाणी. वर्षाचं धरलं तर अडीच ते तीन लाख लिटर, तेही फक्त तेवढ्याशा तुकड्यावरचं. छपरं आणि गाड्या लावायच्या फरश्या वेगळ्याच. आणि त्याच तुकड्यावर सावली देणारं झाड एकही नव्हतं. जूनमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना बसथांब्यापर्यंत चालत जाणारी माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत थांबत थांबत जायची. उन्हाने भाजणारा रस्ता आणि वाया जाणारं पाणी हे दोन प्रश्न एकच आहेत, हे मला त्या आकड्यांनी पटवलं.

उपाय नवीन नव्हता. शहराच्या मध्याजवळ डनबार स्प्रिंग नावाची वस्ती आहे. तिथे राहणाऱ्या ब्रॅड लँकेस्टर यांनी घरासमोरचा कर्ब कापून रस्त्यावरचं पाणी झाडांच्या खळग्यात घेतलं. पहिल्यांदा परवानगीशिवाय, मग शहराशी बोलून बोलून ते 2007 मध्ये कायदेशीर करून घेतलं. त्यांना मूळ दिशा मिळाली ती झिंबाब्वेतल्या झेफनाया फिरी या शेतकऱ्याकडून, ज्याने खडकाळ कोरड्या उतारावर थेंबन् थेंब जिरवून शेत उभं केलं होतं. मला हा प्रवास फार मोलाचा वाटतो: आफ्रिकेतल्या एका शेतकऱ्याचं शहाणपण अमेरिकेतल्या शहराच्या नियमात जाऊन बसलं. 2008 मध्ये टूसॉनने नव्या व्यापारी इमारतींना बागेच्या पाण्यातला निम्मा वाटा पावसाच्या पाण्यातून भागवायला लावणारा कायदा केला. 2013 पासून नव्या रस्त्यांनी पावसाचा पहिला अर्धा इंच जागीच जिरवावा असं धोरण आलं. 2020 पासून पाण्याच्या बिलात एक छोटा आकार लागतो, सरासरी घराला महिन्याला डॉलरभर, आणि त्या पैशातून शहर ठिकठिकाणी असे खळगे आणि झाडं उभी करतं. शहराची कामं मोठ्या रस्त्यांवर आणि बागांत आधी होणार हे उघड होतं. आमच्यासारख्या आडगल्लीने हातपाय हलवले तरच काही होणार होतं.

वॉटरशेड मॅनेजमेंट ग्रुप ही इथली संस्था लोकांना एकमेकांच्या अंगणात राबत राबत हे काम शिकवते. मी आधी दुसऱ्यांच्या अंगणात माती उपसली. हे मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं की वाचून किंवा चित्रं बघून हे काम कळत नाही. तीन बोटांच्या उंचीने पाणी इकडचं तिकडे जातं, आणि ती तीन बोटं हातात फावडं असल्याशिवाय समजत नाहीत.

माझे मामा म्हसवडजवळ असतात. वॉटर कपच्या वर्षांत गावाबरोबर त्यांनी समतल चर खणले आहेत. त्यांना फोन केला तर पहिलाच प्रश्न, "पाणी कुठनं येतंय आन् कुठं जातंय, बघितलंस का? टिकाव नंतर." मग पाऊस लागला की मी छत्री घेऊन बाहेर. कुठे पाणी कर्बला घासून जातं, कुठे रस्त्याच्या मधोमध सरकतं, कोणत्या ड्राइव्हवेपाशी वळतं, पानं आणि कचरा कुठे साचतो, हे बघायचं आणि कर्बवर खडूने खुणा करायच्या. पाऊस थांबल्यावर खडू धुऊन गेलेला असायचा म्हणून मग फोटो काढायला लागले. समोरच्या घरातली शाळकरी मुलगी हे बघून बाहेर आली. तिने कागदाच्या होड्या सोडल्या आणि कुठली होडी कुठे अडकते त्याची नोंद ठेवली. आमच्या आराखड्यातल्या दोन जागा त्या होड्यांनी ठरवल्या.

शेजाऱ्यांशी बोलणं हा या कामातला सर्वांत मोठा भाग. मातीची पट्टी जागा म्हणून शहराची, पण तिची देखभाल घरमालकाने करायची असा इथला नियम. म्हणजे ज्याच्या घरासमोर खळगा होणार त्याचं मन वळलं पाहिजे. काही घरं भाड्याची, मालक दुसऱ्या राज्यात. त्यांना पत्रं लिहिली. लोकांच्या शंका अगदी साध्या आणि खऱ्या होत्या. डास होतील का? घराच्या पायाला ओल येईल का? गाडी लावल्यावर दार उघडून पाय कुठे ठेवायचा? कोपऱ्यावरच्या आजी, ज्यांचं अख्खं आयुष्य या गल्लीत गेलं, त्यांनी आणखी एक विचारलं: झाडांना नंतर पाणी कोण घालणार, तुम्ही तरुण माणसं घर विकून गेलात तर?

डासांच्या शंकेला तोंडी उत्तर देण्यापेक्षा आम्ही जागेवर चाचणी घेतली. हातभर खोल खड्डा खणायचा, पाण्याने भरायचा, ते जिरलं की पुन्हा भरायचा आणि दुसऱ्यांदा किती वेळ लागतो ते मोजायचं. पहिल्यांदा कोरडी माती अधाशासारखं पाणी पिते, त्यामुळे त्या वेळेवर विसंबता येत नाही. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवड्याच्या आसपास लागतो. आमचं पाणी एका दिवसाच्या आत जिरलं पाहिजे असं आम्ही ठरवलं. बहुतेक जागी ते काही तासांतच गेलं. एका जागी मात्र दुसऱ्या सकाळीही पाणी तसंच उभं होतं. खाली चुनखडीचा घट्ट थर होता, ज्याला इथे कलीचे म्हणतात. ती जागा आम्ही सोडून दिली आणि शेजारच्यांनी ते स्वतः डोळ्यांनी बघितल्यामुळे बाकीच्या जागांवर त्यांचा विश्वास बसला. घराच्या पायापासून तीन मीटर तरी लांब राहायचं हा सर्वसाधारण नियम आहे. आमची पट्टी त्याहून दूर होती. आणि गाडीतून उतरणाऱ्यांसाठी कर्बला लागून पाऊल मावेल एवढी सपाट फरशीची कड सोडायची, हे दार उघडून पाय कुठे ठेवायचा या शंकेमुळे आराखड्यात पक्कं झालं.

मामांनी फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: सांडवा कुठे काढलास? बांध घालणाऱ्या माणसाला पाणी अडवण्याची घाई असते, पण जास्तीचं पाणी कुठून जाणार हे आधी ठरलेलं नसलं तर बांधच जातो. कर्बच्या खळग्याची खुबी मला याच प्रश्नामुळे नीट कळली. इथे सांडवा वेगळा काढायचाच नसतो. खळग्याचा तळ रस्त्याच्या कडेपेक्षा खोल, आणि खळग्याची बाकीची काठं कर्बच्या कापापेक्षा उंच. पाणी कापातून आत येतं, खळगा रस्त्याच्या पातळीपर्यंत भरतो, आणि भरला की नवं पाणी आत शिरतच नाही. ते कर्बच्या कडेने पुढच्या कापाकडे जातं. एकच तोंड, तेच आत घेणारं आणि तेच थांबवणारं. फक्त फुटपाथकडची काठ कुठेही कापापेक्षा खाली असता कामा नये, नाहीतर पाणी फुटपाथवर आणि तिथून कोणाच्या तरी अंगणात. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग लेव्हल नीट धर. बाकी काय नाय त्यात."

लेव्हल धरायला आम्ही पारदर्शक नळीत पाणी भरून वापरलं, आपल्याकडे गवंडी वापरतात तसंच. दोन माणसं, दोन पट्ट्या, नळीतला बुडबुडा काढून टाकायचा आणि दोन्ही टोकांची पाण्याची रेघ वाचायची. शेजाऱ्याकडे लेझरचं यंत्र होतं, पण भर उन्हात त्याचा ठिपका दिसत नव्हता. नळीने काम सोपं झालं आणि मुलांनाही करता आलं. कापाची पातळी, तळाची पातळी, फुटपाथच्या कडेची पातळी, हे तीन आकडे प्रत्येक खळग्यासाठी लिहून काढले. मला विचाराल तर या सगळ्या कामात वेळ घालवावा तो इथे. झाड चुकीचं निघालं तर बदलता येतं. पातळी चुकलेला खळगा वर्षानुवर्षं कोरडा राहतो आणि लोक म्हणतात की हे प्रकार इकडे चालत नाहीत.

मग परवानगी. शहराच्या हद्दीतल्या पट्टीत खणायचं आणि कर्ब कापायचा तर नकाशा, मापं, झाडांची नावं, कर्बपासून आणि फुटपाथपासूनची अंतरं असं सगळं द्यावं लागतं. कोपऱ्याजवळ झाड नको, कारण वळणाऱ्या गाडीला समोरचं दिसलं पाहिजे. पाण्याच्या मीटरपासून, दिव्याच्या खांबापासून लांब. विजेच्या तारांखाली उंच वाढणारं झाड नको. नकाशावर ही सगळी अंतरं काढून झाल्यावर झाडासाठी उरलेल्या जागा मोजक्याच राहिल्या. तपासणाऱ्यांनी शंका विचारल्या त्या रास्त होत्या.

खणण्याआधी 811 या क्रमांकाला कळवावं लागतं. हे अमेरिकेत सगळीकडे आहे आणि फुकट आहे. ज्यांच्या ज्यांच्या तारा आणि नळ्या जमिनीखाली आहेत ते येऊन रंगाने रेघा मारून जातात: पिण्याचं पाणी निळा, गॅस पिवळा, वीज लाल, टेलिफोन आणि केबल नारिंगी, सांडपाणी हिरवा, आणि बागांना देतात ते प्रक्रिया केलेलं पाणी जांभळा. आमच्या पट्टीवर रंगांची अशी जाळी उमटली की एक पूर्ण खळगा दोन मीटर सरकवावा लागला. गॅसच्या पिवळ्या रेघेजवळ आम्ही यंत्र लावलं नाही, हातानेच माती काढली. आपल्याकडे रस्ता खणताना कुणाची तरी पाइपलाइन फुटणं इतकं अंगवळणी पडलंय, की ही साधी सोय बघून मला हेवा वाटला. पुण्यात किंवा सोलापुरात असा एक क्रमांक असावा असं मनापासून वाटतं.

खणायला हिवाळा निवडला. कुदळ, पहार, फावडी, घमेल्यांच्या जागी एकचाकी गाड्या. वरची वीतभर माती इतकी दाबली गेलेली की कुदळ उसळून यायची. आदल्या दिवशी पाणी सोडून ठेवलं की जरा सुसह्य व्हायचं. एका खळग्यात गुडघ्याच्या खाली कलीचेचा पातळ पापुद्रा लागला. पहारीने तो फोडल्यावर खाली पुन्हा मोकळी माती निघाली, तेव्हा सगळ्यांनी जल्लोष केला. निघालेल्या मातीचा ढीग बघून एकाला वाटलं, खळग्याभोवती गोल बांध घालू. तसं करायचं नसतं. बांध घातला की कर्बकडून येणारं पाणी अडतं. माती फुटपाथच्या बाजूला चोपून बसवली आणि उरलेली लोकांनी आपल्या परसात नेली.

आमचा साधारण खळगा तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि वीतभर खोल. म्हणजे एका भरण्यात सुमारे 900 लिटर. काठ सरळ उभे ठेवले तर ढासळतात आणि रात्री कुणी पाय मुरगाळून घेतं, म्हणून उताराचे. कडांना दगड रचले, तळाला नाही. कर्ब कापायला परवानाधारक ठेकेदार आणला होता. पाणी मारत मारत काँक्रीटची करवत चालवून त्याने दोन्ही बाजू तिरक्या कापल्या. तिरक्या कडेवर टायर घासला तरी तुकडा उडत नाही आणि पाणीही सहज वळतं. कापाच्या तोंडाशी सपाट फरश्या बसवल्या. त्यांचं काम दुहेरी आहे. पाण्याचा पहिला जोर त्यांच्यावर मोडतो, आणि रस्त्यावरून येणारा गाळ तिथेच बसतो, म्हणजे तो फावड्याने उचलता येतो.

झाडांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे लोक घाई करतात. नर्सरीत झटपट वाढणारे दक्षिण अमेरिकन जातीचे मेस्कीट मिळतात. दोन-तीन वर्षांत छान सावली देतात आणि मॉन्सूनच्या वावटळीत मुळासकट आडवे होतात. आम्ही इथलंच वेल्व्हेट मेस्कीट लावलं, निळा पालोव्हर्दे लावला, आणि एका ठिकाणी आयर्नवुड, जो अतिशय हळू वाढतो पण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. विजेच्या तारांखाली डेझर्ट विलो. झाडाचं खोड तळात न लावता काठाच्या अर्ध्यावर ओटा करून लावायचं, म्हणजे बुंधा पाण्यात राहत नाही आणि मुळं ओलीकडे जातात. तळात डिअरग्रास, कारण त्याला पाण्यात बुडणं आणि मग महिनाभर कोरडं राहणं दोन्ही सोसतं. काठावर ब्रिटलबुश, ग्लोब मॅलो, वुल्फबेरी. सावलीत एक चिल्टेपीन, म्हणजे वाटाण्याएवढी जंगली लाल मिरची, जिच्या तिखटापुढे आपली लवंगी मिरचीही आठवू नये. सग्वारो हा इथला मोठा खांबासारखा निवडुंग कुणालातरी हवा होता. त्याचं रोप झाडाच्या सावलीत वाढतं हे खरं, पण पाणी साचतं तिथे ते सडतं, म्हणून ते पट्टीच्या उंच भागात गेलं. रस्त्याच्या पाण्यात गाड्यांचं तेल आणि टायरचा चुरा असतो. माती त्यातलं बरंचसं धरून ठेवते, तरीही या खळग्यांत पालेभाज्या किंवा कंद लावायचे नाहीत, हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

तळावर खडी पसरायची की झाडांच्या छाटणीचा चुरा, यावर आमच्यात बराच वाद झाला. खडी नीटनेटकी दिसते, वाहून जात नाही. माझं मत ठाम आहे: तळाला पालापाचोळा आणि लाकडाचा चुराच हवा. तो कुजतो, त्यात किडेमुंग्या आणि बुरशी येते, माती भुसभुशीत होते आणि पुढच्या वर्षी पाणी आधीपेक्षा लवकर जिरतं. खडीखाली माती तशीच टणक राहते आणि उन्हात खडी तापून रोपं भाजतात. लाकडाचे गुळगुळीत चौकोनी तुकडे मात्र पहिल्याच पावसात तरंगून रस्त्यावर जातात; फांद्या भरडून केलेला रेषेदार चुरा एकमेकांत अडकून राहतो. झाडं छाटणाऱ्या ठेकेदारांना तो कुठेतरी टाकायचाच असतो, त्यांनी गाडीभर आणून दिला.

त्या उन्हाळ्यातला पहिला मोठा पाऊस संध्याकाळी आला. गल्लीतली बरीच माणसं बाहेर उभी होती. वरच्या टोकाचा खळगा आधी भरला, तुडुंब झाला, आणि अगदी नळीने दाखवलं होतं तसंच पाणी कापाशी थबकून पुढे गेलं. मग दुसरा. तिसऱ्याच्या तोंडाशी पामच्या झावळीचा एक तुकडा आडवा अडकला होता. होड्या सोडणाऱ्या त्या मुलीने धावत जाऊन तो ओढून काढला आणि पाणी आत वळलं. खालच्या कोपऱ्यावर दरवेळी साचणारं तळं त्या दिवशीही साचलं. मोठ्या पावसात एवढ्याशा खळग्यांनी पूर थांबत नाही, आणि तसं कुणाला सांगूही नये. पण छोट्या सरींचं पाणी आता कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. वर्षातल्या बहुतेक सरी छोट्याच असतात.

पैशाचं विचाराल तर सर्वांत जास्त खर्च कर्ब कापण्यावर झाला, मग झाडांवर. श्रम आमचेच. याच काळात मी घराच्या छपराचं पाणीही अंगणातल्या आळ्यांकडे वळवलं. पावसाचं पाणी जिरवायच्या आणि साठवायच्या कामांसाठी शहराचं पाणीपुरवठा खातं एका प्रशिक्षण वर्गाला बसायला लावून एकूण 2,000 डॉलरपर्यंत परतावा देत होतं. बरेच लोक त्या पैशात मोठ्या टाक्या बसवतात. टाकी दिसते, दाखवता येते. माझं मत असं की ज्याच्याकडे माती आहे त्याने आधी माती भरावी. टाकी दोन पावसांत भरून वाहते आणि महाग पडते. जमिनीत जिरलेलं पाणी मुळांना सापडतं आणि त्याला झाकण, गाळणी, पंप काही लागत नाही. टाकी नंतर, भाजीपाल्यासाठी हवी तर.

पहिली दोन-तीन वर्षं रोपांना वरून पाणी घालावंच लागतं. मे आणि जून हे दोन महिने पाऊस जवळजवळ शून्य आणि ऊन सर्वांत कडक. आजींच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही घरांची पाळी लावली आहे आणि ती कागदावर प्रत्येकाच्या फ्रिजला चिकटवलेली आहे. मॉन्सूनच्या आधी कापाच्या तोंडचा गाळ काढायचा. मोसमात प्रत्येक मोठ्या पावसानंतर पुन्हा बघायचं. गाळाचा थर बोटभर वाढला की पाणी आत येणं थांबतं. शहरात मी कितीतरी सुंदर खळगे बघते, ज्यांची तोंडं बुजली आहेत आणि झाडं वाळत चालली आहेत. बफेलग्रास नावाचं आफ्रिकेतून आणलेलं गवत दिसलं की मुळासकट उपटायचं, कारण ते वाळवंटात आग पसरवतं. मेस्कीटच्या खालच्या फांद्या फुटपाथवर येतात आणि कोवळेपणी त्यांना काटे असतात, म्हणून हिवाळ्यात हलकी छाटणी. छाटलेलं सगळं बारीक करून त्याच खळग्यात.

मेस्कीट हे आपल्या शमीच्या जवळचं झाड आहे. पानं, शेंगा, काटे, सगळ्यांतून नातं दिसतं. आई इथे आली होती तेव्हा दसरा होता. तिने आमच्या एका मेस्कीटला हळदकुंकू वाहिलं, आणि आजींनी तिला जवळ बसवून सांगितलं की त्यांच्या लहानपणी याच्या शेंगा कुटून पीठ करत. आमची झाडं अजून लहान आहेत, पण जवळच्या वस्तीतल्या शेंगा मी जूनमध्ये वेचते. पाऊस लागायच्या आत वेचाव्या लागतात, ओल्या झाल्या की बुरशी धरते. डेझर्ट हार्वेस्टर्स नावाचा गट त्या गिरणीवर दळून घेण्याचे दिवस ठरवतो. पीठ गोडसर असतं, चिकटपणा अजिबात नाही. ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा घालून थालीपीठ लावलं तर सुरेख होतं.

आता पलीकडच्या गल्लीने अर्ज टाकलाय. त्यांचा उतार आमच्यापेक्षा जास्त आहे, पाणी वेगाने पळतं, त्यामुळे काप रुंद करावा लागेल आणि तोंडाशी मोठ्या फरश्या. माझी नळी आणि पट्ट्या त्यांच्याकडे दिल्या आहेत. पुढच्या शनिवारी आम्ही त्यांच्या फुटपाथची पातळी धरायला जाणार आहोत.